जादूच्या प्रयोगांसाठी घरी केलेलं घडीचं टेबल : मापं, फसलेले दोन प्रयत्न आणि काही प्रश्न

हातरुमाल

नमस्कार मंडळी,

आठेक वर्षं मी पुण्यात आणि आसपास जादूचे छोटे कार्यक्रम करतोय. वाढदिवस, सोसायट्यांचे गणपती, शाळांची स्नेहसंमेलनं. नोकरी सांभाळून करतो, त्यामुळे सगळं सामान एका बॅगेत आणि बॅग दुचाकीवर, असा हिशोब आहे. पत्ते, दोऱ्या, रुमाल यांच्याबद्दल कुणीही भरभरून बोलतं. टेबलाबद्दल मात्र कोणी बोलत नाही, आणि माझे निम्मे कार्यक्रम बिघडले ते टेबलामुळेच. म्हणून हा धागा.

सुरुवातीला मी यजमानांकडे जे असेल ते वापरायचो. बहुतेक घरांत टीपॉय मिळतो, उंची सोळा-अठरा इंच. प्रत्येक वस्तू उचलायला वाकावं लागतं. वाकलं की लोकांना आपलं डोकं दिसतं, नजर तुटते आणि बोलणंही तुटतं. जेवणाचं टेबल तीस इंचांचं असतं, ते त्यातल्या त्यात बरं. पण तो अख्खा संसार हॉलमध्ये ओढत आणायला कुणाला सांगायचं?

पहिलं टेबल मी कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर केलं. १२ एमएमचा प्लाय, १८ बाय १४ इंच, मधोमध टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा, आत आटे असलेला नट) ठोकला आणि ट्रायपॉडच्या पाव इंची स्क्रूवर फिरवून बसवला. घरी छान उभं राहिलं. पुढे एका वाढदिवसाला मुलं इतकी जवळ बसली होती की ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडायला जागाच नव्हती, म्हणून अर्धेच उघडले. पाण्याने भरलेला पितळी तांब्या मी डाव्या कडेला ठेवला, त्यावर हात टेकवून बोलायला लागलो आणि अख्खं टेबल त्या बाजूला गेलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. पुढच्या रांगेतली एक चिमुरडी पूर्ण भिजली आणि रडायला लागली. तिचं ते रडणं मी विसरलेलो नाही. दुसऱ्याच दिवशी ते टेबल मोडलं.

दुसरं टेबल त्या धसक्यातून आलं. चार लाकडी पाय, बिजागऱ्या, मध्ये आडवी पट्टी, वर १८ एमएमचा प्लाय. हत्ती बसला तरी हलणार नाही असं. वजन भरलं साडेसात किलो आणि उघडून कड्या लावायला पाच मिनिटं. ते दुचाकीवर घेऊन मी दोन कार्यक्रमांना गेलो. तिसऱ्या वेळी घरीच ठेवून गेलो.

तिसरं गेली तीन वर्षं वापरतोय, त्याची मापं देतो.

पाय : फोटोग्राफर छत्री आणि दिवे लावतात तो लाइट स्टँड. त्यात बारीक नळीचे स्वस्त स्टँड येतात, ते घेऊ नका, झुलतात. जाड नळीचा घ्या. माझा १ किलो ८०० ग्रॅमचा आहे. पाय पूर्ण उघडल्यावर मधल्या नळीपासून पायाच्या टोकापर्यंत १७ इंच भरतात.

वरची फळी : ९ एमएमचा प्लाय, २० बाय १४ इंच. वजन साधारण एक किलो.

जोड : बहुतेक लाइट स्टँडच्या डोक्यावर १६ एमएम जाडीची एक खुंटी असते आणि तिला मध्ये गळ्यासारखी खाच असते. सागाचा ४ बाय ४ इंचाचा, २ इंच जाड ठोकळा घेतला, त्याला खालून १६ एमएमचं भोक पाडलं आणि फळीच्या खाली मधोमध फेविकॉल लावून वरून चार स्क्रूंनी आवळला. ठोकळ्याच्या बाजूने एक आडवा टी-नट बसवून त्यात हाताने फिरवायचा बोल्ट घातला. बोल्टचं टोक खुंटीच्या खाचेत जाऊन बसतं. त्यामुळे फळी फिरतही नाही आणि चुकून उचलली तरी सुटून हातात येत नाही. भोक सरळ पडणं फार महत्त्वाचं आहे. ते घरच्या हँड ड्रिलने पाडू नका, सुताराकडे उभ्या ड्रिलवर पाडून घ्या. अर्धा अंश तिरकं गेलं तरी फळी उताराला लागते आणि चेंडू घरंगळतात.

उंची : सरळ उभं राहायचं, हात कोपरात दुमडायचा. कोपराच्या चार-पाच इंच खाली फळी यावी. मला ३६ इंच जमतात.

कापड : काळी मखमल, खाली ३ एमएमचा फोम. फोम नसेल तर पत्ता सपाट पडलेला नखाने उचलावा लागतो. फोम असला की बोट किंचित दाबलं तरी पत्त्याची कड वर येते.

सगळं मिळून सव्वातीन किलो. उघडायला पाऊण मिनिट पुरतं. प्लाय टिंबर मार्केटमधून, नट-बोल्ट बोहरी आळीतून, मखमल रविवार पेठेतून. खर्च अडीच हजारांच्या आत बसला.

प्रश्न दोन आहेत. एक, पावसाळ्यात प्लायच्या कडा फुगायला लागल्यात, काय करावं? दोन, मोकळ्या मैदानात वाऱ्याला हे टिकेल का?

विहीरकाठ

वा, तपशीलवार लिहिलंय. वाचनखूण साठवली. पण मुख्य गोष्ट राहिली की! गुप्त कप्पा कुठे आहे? जादूगाराच्या टेबलात तो असतोच ना?

सागवान

हातरुमाल, तुमचं पहिलं टेबल का पडलं ते सांगतो, कारण तीच चूक बरेच जण करतात.

तीन पायांची टोकं जोडून जमिनीवर त्रिकोण काढा. सगळ्या वजनाचा मध्य त्या त्रिकोणाच्या आत आहे तोवर टेबल उभं. आता मधल्या नळीपासून पायाचं टोक १८ इंचांवर असेल, तर नळीपासून त्रिकोणाच्या बाजूपर्यंतचं अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे फक्त ९ इंच भरतं. चार पाय असते तर तेच अंतर पावणेतेरा इंच आलं असतं. तिकाटणं खडबडीत जमिनीवर डुगडुगत नाही हा त्याचा मोठा गुण, पण दोन पायांच्या मधल्या दिशेला ते कच्चं असतं.

तुम्ही पाय अर्धे उघडले होते. समजा टोकं ९ इंचांवर होती. मग बाजू राहिली साडेचार इंचांवर. फळी १८ इंची, म्हणजे कड मध्यापासून ९ इंचांवर, बाजूच्या रेषेपलीकडे आणखी साडेचार इंच. झाला की तराजू! दोन्हीकडे सारखा दांडा. टेबलाचं सगळं वजन अडीच किलो असेल, तर कडेवर अडीच किलो आले की तोल गेला. दीड लिटर पाण्याचा पितळी तांब्या आणि वर टेकलेला हात, एवढं सहज होतं.

तुमच्या नव्या टेबलाला १७ इंचांचे पाय आहेत, म्हणजे बाजू साडेआठ इंचांवर. कड १० इंचांवर. ते आता तांब्याने पडणार नाही. तरी दोन गोष्टी पाळा. पाय नेहमी पूर्ण उघडा, जागा नसेल तर मुलांना मागे सरकवा. आणि जड वस्तू ज्या बाजूला ठेवणार, त्या बाजूला एक पाय येईल असं टेबल फिरवून उभं करा.

कडा फुगतायत, म्हणजे तुम्ही साधा कमर्शियल प्लाय घेतलाय. तो पाण्याला टिकत नाही, दोन पावसाळ्यांत पदर सुटतात. मरीन प्लायचा तुकडा घ्या. सुतारांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, २० बाय १४ सहज मिळेल. कडांना पॉलिश पेपर मारून प्रायमर आणि वर ऑइल पेंटचे दोन हात द्या. कडेतूनच पाणी आत शिरतं, वरच्या थरातून फारसं नाही.

आणखी एक. कडेला खालच्या बाजूने रंध्याने उतार द्या, इंचभर आत. वर ९ एमएमची फळी असली तरी समोरून तीन-चार एमएमचीच दिसते. टेबल हलकं आणि नाजूक दिसतं, ताकद तेवढीच राहते.

हातरुमाल

सागवान, मनापासून आभार. त्रिकोणाच्या बाजूचं हे गणित मला कुणी आधी सांगितलं असतं तर ती मुलगी भिजली नसती. उद्याच मरीन प्लाय बघतो.

विहीरकाठ, तुमचा प्रश्न टाळत नाही. जादूगारांच्या टेबलांना मागच्या बाजूने झोळ्या आणि खण असायचे हे शंभरेक वर्षांपासून जादूच्या पुस्तकांत छापलेलं आहे, त्यात आता गुपित असं काही उरलेलं नाही. पण कुठल्या प्रयोगात ते कसं वापरायचं ते मी उघड्यावर लिहिणार नाही. कुणाचा तरी रोजगार त्यावर चालतो.

माझं मत मात्र स्पष्ट सांगतो. छोट्या कार्यक्रमाच्या टेबलात काहीही लपवू नये. फ्रान्सचा जादूगार रॉबेर-ऊदँ (१८०५ ते १८७१) मुळात घड्याळजी होता. त्याच्या आधीच्या जादूगारांची टेबलं जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या जाड कापडांनी झाकलेली असत आणि आत मदतनीस बसलेला असे. १८४५ मध्ये त्याने पॅरिसला स्वतःचं छोटं थिएटर काढलं, तेव्हा ती झाकलेली टेबलं काढून टाकली. दिवाणखान्यात शोभतील अशी साधी, बारीक पायांची टेबलं ठेवली. लोकांना खालून आरपार दिसायला लागलं. कापडाने झाकलेलं टेबल समोर आलं की बघणारा पहिल्या मिनिटापासून कापडाकडेच बघतो. मग तुम्ही हाताने कितीही सुंदर काम करा, त्याचं श्रेय टेबलालाच जातं. म्हणून माझ्या टेबलाला झालर नाही. एक नळी आणि वर पातळ फळी, एवढंच.

शिवारफेरी

हातरुमाल, झालरीबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, पण माझं कारण वेगळं आहे.

मी गावोगावच्या शाळांत चमत्कार सादरीकरण करतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, त्या कामातून मी हे शिकलो. आधी बुवा करतात तसा चमत्कार करून दाखवायचा आणि मग त्यामागचं विज्ञान किंवा हातचलाखी मुलांसमोर उलगडायची. तुम्हाला गुपित राखायचं असतं, आम्हाला फोडायचं असतं. पण टेबल दोघांचं एकच. कारण शेवटी मी फळी स्टँडवरून काढून उलटी करून मुलांच्या हातात देतो, 'बघा, यात काही आहे का?' तुमचा तो बाजूचा बोल्ट यासाठी एकदम योग्य आहे, दोन वेढ्यांत फळी सुटेल.

उंचीबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायचंय. आमचे प्रेक्षक खुर्चीत बसत नाहीत. सतरंजीवर, फरशीवर, कधी झाडाखाली मातीत. चौथीतलं पोर मांडी घालून बसलं की त्याचे डोळे जमिनीपासून दोनेक फुटांवर. तुमची ३६ इंचांची फळी त्याच्या डोक्याच्या वर जाते. त्याला फळीची खालची बाजू दिसते आणि वर ठेवलेलं नाणं, पत्ता, लिंबू काहीच दिसत नाही. मी सुरुवातीला सहा महिने हेच केलं. पुढची मुलं माना उंच करायची, मग उठून उभी राहायची, मग मागची ओरडायची, आणि मला वाटायचं शाळेला शिस्त नाही.

गारुडी जमिनीवर बसून वाट्या आणि गोळ्यांचा खेळ करायचा, त्याच्याकडे नीट बघा. गर्दी उभी, तो खाली. प्रत्येकाची नजर वरून खाली. त्याला टेबल लागत नाही, कारण बघणारे उंचावर आहेत. आपल्याकडे उलट आहे, आपण उभे आणि बघणारे बसलेले. म्हणून शाळांत मी फळी २८ इंचांवर आणतो आणि दाखवायची प्रत्येक वस्तू आडवी न ठेवता उभी ठेवतो. पत्त्यांसाठी फोटोफ्रेमच्या मागचा टेकू, लिंबासाठी अंडं ठेवायचा छोटा कप. थोडं वाकावं लागतं, ते मी सोसतो.

आणि एक अगदी कळकळीचं. मखमलीवर आग नको. आम्ही कापूर पेटवतो. बाजारात मिळणारी मखमल बहुतेक कृत्रिम धाग्याची असते, ती वितळून चिकटते आणि भराभर पेटते. मी कापड काढून फळीवर स्टीलचं ताट ठेवतो, खाली ओलं फडकं, आणि बाजूला पाण्याची बादली असल्याशिवाय काडी ओढत नाही. मुलांना 'घरी करायचं नाही' हे आधी एकदा आणि नंतर एकदा सांगतो.

तिसरी_घंटा

मी नाटकाच्या बॅकस्टेजला असते, जादू करत नाही. पण शिवारफेरींनी फळीच्या खालच्या बाजूचा उल्लेख केला म्हणून लिहायला घेतलं.

प्रेक्षक खाली बसले असतील तर फळीचा पोटाकडचा भाग हाच तुमचा दर्शनी भाग. तिथे कच्चा प्लाय, पेन्सिलीच्या खुणा, स्टेपलच्या पिना दिसल्या की सगळी मेहनत वाया. ठोकळ्यासकट सगळं काळ्या मॅट रंगाने रंगवा. चकचकीत ऑइल पेंट नको, दिव्यात चमकतो. कापड खाली दुमडून स्टेपल केलं असेल तर त्यावर काळी पट्टी चिकटवा.

मखमलीला लव असते. हात एका दिशेने फिरवला की गडद दिसते, उलट फिरवला की फिकट. लव प्रेक्षकांकडून तुमच्याकडे झोपेल अशी लावा. नाहीतर प्रत्येक वस्तू सरकवल्याचा पांढुरका ओरखडा लोकांना दिसत राहतो. आणि फेविकॉल फळीभर फासू नका. तो कापडातून वर येतो, लव कडक होते आणि ते डाग कधी जात नाहीत. चिकटवायचं ते खाली दुमडलेल्या भागातच.

काळ्या मखमलीबद्दल माझी एक शंका आहे. दिवे नीट नसलेल्या हॉलमध्ये काळ्यावर काळी कांडी, गडद निळा रुमाल, तपकिरी दोरी काहीच उठून दिसत नाही. त्यातून आता निम्मे पालक मोबाइलवर चित्रण करत असतात. कापड घ्यायच्या आधी तुमच्या सगळ्या वस्तू त्यावर ठेवून वीस फुटांवरून मोबाइलने फोटो काढून बघा. मी असते तर गडद मरून घेतलं असतं.

आणि जागा. टेबल स्वतःच्या समोर ठेवू नका. समोर ठेवलं की ते दुकानाचं काउंटर होतं, तुम्ही त्याच्यामागे अडकता. उजव्या हाताला, अर्धं पाऊल मागे. तुमचं संपूर्ण शरीर लोकांना दिसलं पाहिजे.

मांडवीकाठ

वाऱ्याबद्दल मी सांगू शकतो. गोव्यात लग्नं आणि वाढदिवस बरेचदा उघड्यावर, कधी अगदी किनाऱ्यावर असतात.

स्टँडच्या मधल्या नळीला जमिनीपासून वीतभर वर एक कापडी पिशवी टांगायची आणि तिच्यात पाच लिटरचा पाण्याचा कॅन. पाच किलो वजन एकदम खाली आणि मधोमध येतं. पाणी सगळीकडे मिळतं, म्हणून घरून काही वाहून न्यावं लागत नाही. पिशवी लोंबकळू देऊ नका, वाऱ्याने झोके घेऊन उलट त्रास देते. ती नळीला पट्ट्याने बांधा. पत्ते मात्र उघड्यावर करूच नका, दोऱ्यांचे आणि धातूच्या कड्यांचे प्रयोग करा.

खारी हवा असेल तिथे साधे स्क्रू वर्षभरात गंजतात, स्टेनलेस स्टीलचेच लावा. आणि वाळूवरून आल्यावर स्टँडची नळी पूर्ण बाहेर काढून पुसा. आत एक कण राहिला तरी ती अशी अडकते की हलत नाही.

नीलमोहर

मी धागा दोनदा वाचला. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, उंची चार फूट आठ इंच. टीव्हीवर बघून आणि ग्रंथालयातल्या पुस्तकावरून शिकते आहे, जानेवारीत शाळेच्या संमेलनात पंधरा मिनिटं मिळाली आहेत. पुण्यात जादूगार रघुवीर, विजय रघुवीर आणि आता जितेंद्र रघुवीर अशा तीन पिढ्यांचे प्रयोग आमच्या घरात बघितले गेलेत, त्यामुळे आजोबांना नातीचं फार कौतुक आहे. टेबल तेच करून देणार आहेत.

प्रश्न असा, की तिच्यासाठी उंची किती ठेवायची? आणि आजोबांचा आग्रह आहे की कडेला माझ्या सासूबाईंच्या जुन्या साडीचा जरीकाठ लावायचा. चालेल का? झालर नाही, फक्त दोन बोटं रुंद काठ.

तिसरी_घंटा

काठ लावाच. दोन बोटं म्हणजे टेबलाखालचं सगळं मोकळंच राहतं. फक्त जर फार चमकत असेल तर काठाची उलटी बाजू बाहेर घ्या, ती मऊ दिसते.

सागवान

मुलीसाठी ६ एमएमचा प्लाय पुरेल, फळी १६ बाय १२ करा, म्हणजे वजन अर्धा किलोच्या आत राहील. पण ठोकळा तेवढाच जाड ठेवा आणि स्क्रू आखूड घ्या. ६ एमएमच्या फळीला वरून स्क्रूचं डोकं पूर्ण आत बसवायचा मोह आवरा, लाकूड उरत नाही. आजोबांना हे सांगायची गरज नसेल कदाचित.

आणि फळी हलकी झाली की टेबलाचं एकूण वजनही कमी होतं, तेव्हा मांडवीकाठ यांची पिशवी तिच्यासाठीही लावा. आत कॅनऐवजी एक लिटरच्या दोन पाण्याच्या बाटल्या पुरतील.

शिवारफेरी

संमेलन आहे म्हणजे ती स्टेजवर आणि मुलं मैदानात खाली बसलेली. आधी एकदा त्या शाळेत जाऊन पुढच्या रांगेच्या जागी स्वतः मांडी घालून बसा आणि तिला स्टेजवर टेबलापाशी उभं करा. स्टेज तीन-साडेतीन फूट उंच असेल तर पुढच्या चार रांगांना फळीवरचं काहीच दिसणार नाही. तिला सांगा, वस्तू उचलली की आधी छातीपाशी धरायची, मग बोलायचं.

हातरुमाल

नीलमोहर, वाचून फार आनंद झाला. पंधरा मिनिटं म्हणजे तिच्या वयाला भरपूर आहेत, चार प्रयोगांच्या वर घेऊ नका.

तिचं कोपर साधारण ३४ ते ३५ इंचांवर येईल. फळी ३० इंचांवर ठेवून सराव सुरू करा आणि खांदे वर उचलले जातायत का तेवढं बघा. जात असतील तर एक इंच खाली घ्या. सराव त्याच टेबलावर, त्याच उंचीवर, बूट घालून करायला सांगा. संमेलनात ती अनवाणी नसणार, आणि इंचभर फरकाने हात चुकतो. बरोबर उंची सापडली की आजोबांना नळीवर रंगाची एक बारीक खूण करायला सांगा, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी मोजत बसावं लागणार नाही.

फक्त नळी कापू देऊ नका. पुढच्या संमेलनापर्यंत मुलगी दोन इंच वाढलेली असेल.